ऑफिसच्या हॉलला माणसात आणायचंय, सुचवा

मोरपंखी_पाटी
नमस्कार मंडळी. जूनमध्ये बदली होऊन एका तालुक्याच्या गावी सरकारी ऑफिसात आलेय. खातं सांगत नाही, आतून सगळी खाती सारखीच दिसतात. आम्ही अकरा जण एकाच हॉलमध्ये बसतो. हॉल चांगला ऐसपैस आहे, पण आत शिरलं की भर बारा वाजता तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटतं. भिंतीला खाली चार फूट चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा, त्याच्यावर कधीकाळी पिस्ता असावा असा डिस्टेंपर, एका कोपऱ्यात ओल येऊन पापुद्रे सुटलेत. आठ ट्यूबांपैकी चालू तीन, त्यातली एक लुकलुकते. कपाटांवर लाल रुमालात बांधलेले गठ्ठे थेट छतापर्यंत. लोकांना बसायला एक बाकडं आहे त्याला खिळा वर आलाय, माझीच ओढणी दोनदा फाटली.

हे सगळं चालवून घेत होते, पण परवा एक आजोबा दाखल्यासाठी आले आणि दारातच उभे राहिले, आत येईनात. मी म्हटलं या की बाबा, तर म्हणे, "बाई, हापिस चालू हाय व्हय? मला वाटलं बंद पडलं." आम्ही अकराच्या अकरा जण आत बसलेलो!

साहेब चांगले आहेत, म्हणाले करा काय करायचं ते, फक्त खर्च मागू नका. वर्गणी काढली, प्रत्येकी ३००, नऊ जणांनी दिली, दोघांनी "हे आपलं काम आहे का" म्हणून हात वर केले. म्हणजे हातात २७०० रुपये आणि शनिवार-रविवार. काय काय करता येईल?

क्युबिकल_कैदी
भारी विषय. आमच्याकडे हिंजवडीला मागच्या वर्षी हे सगळं झालं. एका भिंतीला खोटं गवत चिकटवलंय, त्यावर निऑनमध्ये एक इंग्रजी वाक्य आहे, खाली चार बीनबॅग. सुरुवातीला सगळ्यांनी फोटो काढले. आता त्या बीनबॅगवर फक्त कुरिअरचे खोके बसतात, कारण त्यात बसलेलं मॅनेजरला दिसलं की पुढच्या मीटिंगला टोमणा ठरलेला. तर ते करू नका एवढंच सांगायला आलो. ज्याने त्याने आपल्या टेबलावर काहीतरी स्वतःचं ठेवायचं ही आयडिया मात्र चालली. माझ्या शेजारचा घरून पितळी अडकित्ता आणून पेपरवेट म्हणून वापरतो, येणारा जाणारा प्रत्येक जण तो हातात घेऊन बघतो आणि दोन शब्द बोलतो.

गवारीची_शेंग
अडकित्ता :D
मोरपंखी, एक विचारते, राग मानू नका. लेडीज टॉयलेटची काय परिस्थिती आहे?

मोरपंखी_पाटी
@गवारीची_शेंग, राग कसला. कडी नाहीये. एका हाताने दार धरून ठेवावं लागतं. बल्ब गेलाय.

गवारीची_शेंग
मग आधी ते. कडी, बल्ब, पर्स अडकवायला एक हुक, झाकणाचा डबा आणि पाण्याला एक मग. सगळं मिळून सहाशे-सातशेच्या वर जाणार नाही. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी तीन वर्षं काढली आहेत, तिथे दर्शनी भागात कारंजं होतं आणि आम्ही बायका दिवसभर पाणी पीत नव्हतो, जायला लागू नये म्हणून. भिंती नंतर रंगवा. आणि टॉयलेट लोकांसाठीही उघडं ठेवा, कुलूप लावून किल्ली साहेबांच्या टेबलावर, असला प्रकार नको. लांबच्या गावाहून बाई पहिल्या एसटीने निघालेली असते.

खडूफळा
शेंगताईंना +१००. आमच्या शाळेच्या स्टाफरूमलाही हेच सांगून दमले.

निवृत्त_टपालकर
मी आवक-जावकला चौतीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांब लिहितो, तरुण मंडळींनी हलकं घ्यावं.

आणायचं काय हे तुम्ही विचारताय, पण आधी बाहेर काय काढायचं ते बघा. तुमचा हॉल अंधारा नाहीये, भरलेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला (म्हणजे आताचं अहिल्यानगर) अनिलकुमार लखीना म्हणून कलेक्टर होते. त्यांनी कलेक्टर कचेरीचं दप्तर लावून घेतलं, टेबलांची मांडणी बदलली, कोण कुठे बसतो आणि काय काम करतो हे आल्यागेल्याला कळेल असं केलं. लखीना पॅटर्न म्हणून आम्हाला पुढे वर्षानुवर्षं तेच ऐकवलं जायचं. आम्ही तेव्हा कुरकुर केली, खोटं कशाला बोलू, पण त्यातलं मूळ साधं होतं, कागद हलला की जागा होते आणि जागा झाली की उजेड येतो.

तुमच्या कपाटांवरचे गठ्ठे बघा. अभिलेखाचं वर्गीकरण, म्हणजे कुठला कागद किती वर्षं जपायचा, तुम्हाला माहीतच असेल, अ कायमचं, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. माझा अनुभव असा की छताला टेकलेल्या गठ्ठ्यात निम्मं ड असतं. जुनी रजेची पत्रं, स्मरणपत्रांच्या स्थळप्रती, "सोबत जोडले आहे" म्हणून काहीही न जोडलेली पत्रं. मुदत संपलेल्यांची यादी करा, मंजुरी घ्या आणि नष्ट करा. मात्र रद्दीवाल्याला परस्पर उचलून देऊ नका, त्यात कुणाचे सातबारे, आधारच्या झेरॉक्स असतात, नंतर भेळेच्या पुड्यातून बाहेर येतात.

दुसरं मोडकं फर्निचर. ते तुम्ही फेकू शकत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला (ऑफिसच्या सामानाची नोंदवही) नोंद आहे का बघा, यादी करा, निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव टाका. वेळ लागेल, पण प्रस्ताव गेला की निदान ते मागच्या पडवीत हलवायला कुणी अडवत नाही. २०२५ च्या सुरुवातीला शासनाने शंभर दिवसांचा कार्यक्रम घेतला होता त्यात कार्यालयाची स्वच्छता, जुनं सामान काढणं, येणाऱ्यांसाठी सोयी हे सगळं होतं. त्याचा संदर्भ पत्रात टाका, साहेबांना सही करायला सोपं जातं.

मोरपंखी_पाटी
टपालकर काका, साष्टांग. आज रजिस्टर काढलं. आमच्याकडे तीन पायांची एक खुर्ची आहे, भिंतीला टेकवून उभी असते, पाठीवर पांढऱ्या रंगात "डे.स्टॉ. ११२" लिहिलेलं. ती मोडल्याला किती वर्षं झाली कुणालाच माहीत नाही पण दरवर्षी पडताळणीला "११२ आहे" म्हणून टिक होते. अशा एकूण चौदा वस्तू निघाल्या. त्यात एक सायक्लोस्टाईल मशीन, जुन्या काळी कागदाच्या प्रती काढायचं!! आमच्या नव्या ऑपरेटरला वाटलं शेवया करायचं यंत्र आहे.

भिजका_भिंतकर
रंगाचा धंदा आहे म्हणून सांगतो, ओलीवर रंग मारू नका. कुणी कितीही सांगू दे, वॉटरप्रूफ अमुक तमुक, भिंतीत पाणी येतंय तोवर वरून काहीही लावा पुढच्या आषाढात पापुद्रा निघणारच, आणि तुमचा तो ऑइलपेंटचा पट्टा तर ओलीला आत कोंडून ठेवतो म्हणून फुगे येतात. पहिले गच्चीवर जा, त्या कोपऱ्याच्या बरोबर वर पन्हळ किंवा पाइपचं तोंड असेल ते बघा. दहातल्या सात वेळा तिथे पिंपळ उगवलेला असतो. तो नुसता कापू नका, मुळासकट काढायला लागतो नाहीतर परत येतो.

मग भिंत खरवडून वाळू द्या. आता दिवाळी झाली, ऊन चांगलं आहे, महिनाभर तरी उघडी ठेवा. जुनी दगडाची चुन्यात बांधलेली इमारत असेल तर त्या भिंतीला साधी चुन्याची सफेदी द्या, डिंक आणि चिमूटभर नीळ घालून. स्वस्त पडते, भिंत श्वास घेते, बुरशीही कमी धरते. एकच अडचण, अंगाला लागते, म्हणून बाकड्यामागे नको. ऑइलपेंटवर चुना बसत नाही तो आधी पूर्ण खरवडावा लागेल. बाकी भिंतींना इमल्शन, दोन हातांना लिटरमागे साधारण साठ-सत्तर चौरस फूट धरा. २७०० मध्ये अख्खा हॉल होणार नाही ताई, आत्ताच सांगतो. छत आणि दारातून समोर दिसणारी एक भिंत धरा. छत पांढरंफेक झालं तर निम्मं काम झालं, उजेड वरूनच फिरतो.

क्युबिकल_कैदी
समोरच्या भिंतीला मस्त केशरी किंवा पिवळा द्या ना, एकदम पॉप होईल.

भिजका_भिंतकर
पॉप होईल आणि तिथे बसणाऱ्याचं डोकं दुखेल. फिका ताकासारखा रंग द्या. हौस असेल तर दाराची चौकट निळी करा.

खडूफळा
रंगापेक्षा ट्यूबा बघा हो आधी. आमच्या स्टाफरूममध्ये नुसत्या जुन्या ट्यूबा काढून वीस वॅटच्या एलईडी लावल्या, चाळीसच्या जागी वीस, बिल कमी आणि उजेड जास्त. फक्त घेताना खोक्यावरचा आकडा बघून घ्या, ६५०० के म्हणजे तो निळसर पांढरा, सगळे आजारी दिसतात. ४००० के मागा, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. ३००० चा पिवळा घरात छान, फायली वाचताना झोप येते. आणि पट्ट्या बदलायच्या आधी असलेल्या ट्यूबा ओल्या फडक्याने पुसून बघा (मेन स्विच बंद करून बरं का!). आमच्याकडे एकीवरून जे निघालं त्यात पेन्सिलीने नाव लिहिता आलं असतं.

बाल्कनीतली_माती
झाडं झाडं झाडं! अजून कुणीच कसं लिहिलं नाही. कमी उजेडात टिकणारी सांगते, स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा. विकत घेऊ नका, मनी प्लांटच्या आणि स्नेक प्लांटच्या फांद्या-पानं कुणाच्याही घरून मिळतात, ऑइलच्या डब्यात लावा. शिवाय ही झाडं हवा शुद्ध करतात, नासाने सिद्ध केलंय.

टेबलफॅन
नासाचं ते १९८९ चं, आणि प्रयोग बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी तसल्या सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला तर निघालं की नेहमीच्या खोलीत उघड्या खिडकीइतकी हवा स्वच्छ करायची तर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. मग माणसं कुठे बसवणार? झाडं लावा, दिसायला छान दिसतात. हवेसाठी खिडकी उघडा.

बाल्कनीतली_माती
बरं बाबा, दिसायला लावा. खूश?
पण बशीत पाणी साठू देऊ नका, आणि मनी प्लांट बाटलीत ठेवला तर पाणी आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय. आरोग्यवाले "कोरडा दिवस" पाळा सांगतात तो ऑफिसातही पाळायचा असतो.

शिपायाचा_पोर
सगळं वाचलं. सगळं चांगलंय. एक सांगू का, वडील एका ऑफिसात शिपाई होते, हौशी साहेब आले की ऑफिसात बाग व्हायची. चाळीस कुंड्या आल्या होत्या एकदा. साहेबांनी फीत कापली, पेपरात फोटो आला. पाणी कोण घालणार? आमचे बाबा. खालच्या नळावरून दोन जिने बादल्या. सुट्टीच्या दिवशीपण जायचे सायकलवर, उन्हाळ्यात झाडं जळली तर बोलणी बसतील म्हणून. साहेबांची बदली झाली, नवीन साहेब म्हणाले हा काय कचरा, तर त्या कुंड्या खाली आणायलापण बाबाच. तर मोरपंखीताई, पाच कुंड्या ठेवा पण ज्याच्या टेबलाजवळ त्याने पाणी घालायचं हे पहिल्या दिवशी ठरवा, आणि तुमच्या शिपाईमामांना विचारा तुम्हाला काय पाहिजे म्हणून. त्यांना कुणी विचारत नाही. त्यांचं स्टूल कसंय बघितलंय का?

मोरपंखी_पाटी
नाही बघितलं. खरंच नाही बघितलं. आज बघितलं. पत्र्याचं आहे, पाठ नाही, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात. मामांना विचारलं तर आधी "मला काय नको" म्हणाले, मग चहा झाल्यावर म्हणाले, डबा ठेवायला जागा पाहिजे, खिडकीत ठेवला की मांजर पाडते.

चिकूवाडी
भिंतीवर वारली काढायची आयडिया कुणीतरी देणारच आहे म्हणून आधीच लिहितो. मी डहाणूकडचा. हल्ली कुठल्याही सरकारी भिंतीवर वारली असते, रेल्वे स्टेशनपासून संडासापर्यंत, आणि बहुतेक ठिकाणी ऑइलपेंटने, बाहुल्या छापल्यासारख्या. मूळ काम गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं, पिठात पाणी आणि डिंक, बांबूच्या काडीने. आणि लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो लग्नात सवाशिणी काढतात, शोभेचा नसतो. तो आवक-जावकच्या मागे नको, कृपा करा. शेत काढा, विहीर काढा, तारपा (आमच्याकडचं फुंकायचं वाद्य) काढा. तारप्याचा नाच काढलात तर सगळे तारपावाल्याच्या भोवती वळत जातात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत, एवढं तरी सांभाळा. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ते गंजाडचे, आमच्याच तालुक्यातले. त्यांच्या चित्रात मासेमारीचं जाळं असायचं, एकेक रेघ बघत बसावी. ते बघून मग आमच्या ग्रामपंचायतीची भिंत बघितली की जीव जातो.

बाय द वे, तुमच्या तालुक्याचं स्वतःचं काय आहे? ते लावा ना. वारली तुमच्याकडची आहे का?

मोरपंखी_पाटी
नाही. आमच्याकडे घोंगड्या विणतात. हे डोक्यातच आलं नव्हतं.

निवृत्त_टपालकर
घोंगडी उत्तम. भिंतीवर खिळे ठोकताना जन माहिती अधिकाऱ्याची पाटी आणि लोकसेवा हक्काच्या सेवांची यादी झाकली जाणार नाही एवढं बघा, त्या दिसायलाच पाहिजेत. उलट त्या यादीची अक्षरं मोठी करून घ्या. आमच्या वेळची नागरिकांची सनद इतक्या बारीक टायपात होती की ती वाचायला आलेला माणूस भिंतीला नमस्कार करतोय असं वाटायचं.

टेबलफॅन
धागा वर काढतोय. दोन महिने झाले. मोरपंखी, काय झालं शेवटी? की "विषय विचाराधीन आहे"?

मोरपंखी_पाटी
आले आले. सगळं एकदम लिहिते, लांबेल.

टॉयलेट पहिलं केलं. कडी, बल्ब, हुक, डबा, ६४० रुपये. त्यात गंमत म्हणजे ज्या दोघांनी वर्गणी दिली नव्हती त्यातल्या एकांनी स्वतः ड्रिल मशीन आणून कडी बसवली, पैसे मात्र अजून दिलेले नाहीत.

भिंतकर, तुम्ही ज्योतिषी आहात का? गच्चीवर पिंपळ होताच, मनगटाएवढा. आणि पन्हळीच्या तोंडात रबरी बॉल, तीन. मागे शाळेचं मैदान आहे. बॉल काढले तर आतून इतका गाळ आला की मामा म्हणाले यात भात लावता येईल. भिंत खरवडली, वाळली, मागच्या आठवड्यात चुना दिला. छत आणि समोरची भिंत केली, भिंत ताकाच्या रंगाची. दाराची चौकट निळी केली, साहेब दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्या गावच्या घराची अशीच होती."

ट्यूबा सहा आल्या, ४००० के. दुकानदार म्हणाला सगळे ६५०० च नेतात, तुम्हालाच काय झालंय. पैसे संपले तेव्हा आवक-जावकच्या काकांनी कुणाला न सांगता उरलेल्या दोन आणून लावल्या.

गठ्ठे हलवायला चार शनिवार गेले. काका, निम्मं नाही, तीन भागातले दोन भाग ड आणि क-१ निघाले. यादी गेलीय मंजुरीला. निर्लेखनाचा प्रस्तावही गेला, ११२ सध्या पडवीत आहे. तिच्या जागी बाकडं आलं, खिळा ठोकून वर पट्टी मारली. मामांना पाठ असलेली खुर्ची मिळाली आणि डब्याला जाळीचं छोटं कपाट, ते त्यांनीच जुन्या फळ्यांचं केलं. आता त्यात सगळ्यांचे डबे असतात आणि किल्ली त्यांच्याकडे, साहेबांनापण मागावी लागते.

झाडं पाच. दोन मेली, दोन्ही माझ्या टेबलावरची. मी जास्त पाणी घालते म्हणे.

घोंगडी एका बाईंकडून आणलीय, काळी, पांढऱ्या काठाची. बाकड्याच्या वर लावली. पहिल्याच आठवड्यात एक मेंढपाळ आले होते, त्यांनी काठ उलटा करून विण बघितली, म्हणाले, "चांगली हाय, पण उलटी लावली." खाली काढून सुलटी लावली. मग त्यांचं काम पण पटकन झालं, अर्ज घेणाऱ्या पोराने स्वतः उठून त्यांना बसवलं.

आता खरी भानगड. सगळ्यात मोठं लोखंडी कपाट हलवलं तर मागे खिडकी निघाली! चांगली मोठी, सागवानी, दोन झडपांची. एकवीस वर्षं इथे काढलेल्या मॅडमनाही माहीत नव्हती. उघडली तर बाहेर कडुलिंब आणि सकाळचं ऊन थेट आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ते ऊन साडेदहा ते बारा बरोबर आवक-जावकच्या काकांच्या स्क्रीनवर पडतं. त्यांना काही दिसत नाही. तीन दिवस त्यांनी छत्री उघडून काम केलं, मग म्हणाले कपाट परत जागेवर आणा. दोन पार्ट्या पडल्या. शेवटी मॅडमनी घरून जुनी सुती साडी आणली, अर्धा पडदा शिवला, वरचं अर्धं उघडं. काका सध्या गप्प आहेत.

पण आता कबुतरं आत यायला लागलीत. काल एक थेट जन्म-मृत्यूच्या ट्रेमध्ये बसलं होतं. जाळी कुठली लावावी, नायलॉनची की लोखंडी?

भिजका_भिंतकर
नायलॉनची चालेल, उन्हाने तीन-चार वर्षांत विरते पण स्वस्त आहे. चौकट सागवानी असेल तर खिळे मारू नका, हुक आणि दोरी करा.

गवारीची_शेंग
कबुतरांचा वेगळा धागा आहे, तिकडे विचारा. पण जपून जा, तिथे दाणे घालणारे आणि न घालणारे असे दोन गट आहेत आणि कालपासून कुणीच झोपलेलं नाही.